केरूने सरळ केलेलं मेंडोलिन

ती. आप्पाकाकांस विनीतचा साष्टांग नमस्कार.

इकडे सर्व क्षेम आहे (मेंडोलिन सोडून). तुमचा गुडघा आता जिना चढू देत असेल. पत्र बसून वाचावे. मी अजून हादरलेलाच आहे.

गणपतीत आरतीनंतर तुम्ही वाजवणार, म्हणून तुमचं ऑर्केस्ट्रातलं जुनं इलेक्ट्रिक मेंडोलिन माळ्यावरून काढलं. एक खुंटी सैल होती, तेवढ्यासाठी केरू सुताराकडे दिलं. केरू तुम्हाला ठाऊक आहे. त्याने केलेल्या दारातून वारासुद्धा ओळंबा लावून आत येतो. त्याने खुंटी घट्ट केली आणि मग त्याची नजर पिकअपवर गेली, म्हणजे तारांचा आवाज उचलणाऱ्या त्या काळ्या पट्टीवर. ती तुम्ही तारा टेकतात त्या घोडीला खेटून तिरकी बसवलेली (ढोल-ताशांतूनही सूर आरपार जावा म्हणून, पण हे केरूला कोण सांगणार?). कुणीतरी वाकडं काम करून ठेवलंय असं समजून त्याने काटकोनाचा गुण्या लावला, पट्टी सरळ केली, "हितं शोभतंय" म्हणत पार मेंडोलिनच्या गळ्याजवळ नेली, जुनी भोकं फणसाच्या लाकडाने बुजवली आणि वर पॉलिश मारलं. मजुरीही घेतली नाही. आप्पांच्या वस्तूला हात लागला हेच खूप, म्हणाला. अशा माणसावर ओरडावं तरी कसं?

घरी येऊन तार छेडली आणि मी मटकन ओटीवर बसलो. तुमचा कैरीसारखा करकरीत सूर गेला. आता आवाज येतो तो गोल, जाड, दुपारी जेवून सुस्तावल्यासारखा. तुम्ही जन्मभर जपलेला सूर माझ्या हातून गेला, या धक्क्याने मला घास उतरेना (सौ. कमळाने कुळथाचं पिठलं केलं होतं, तरीही).

कृपया केरूला फोन करू नये. तो रडेल.

आपला,
विनीत

ता. क. पट्टी पुन्हा जुन्या जागी बसवायला केरू तयार झाला आहे. निश्चिंत यावे.

ता. ता. क. वरचं रद्द. आज मी वाजवत होतो, तर तुळसाआत्या मागीलदारातून आली. तुमच्या या थोरल्या बहिणीला देवघरातली घंटाही हल्ली ऐकू येत नाही, ढोलकी तेवढी कळते. हात पिठाचे, तशीच दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आप्पा कदी आला रे?" हा नवा जाड सूर तिच्या कानी पोचला होता! आता मेंडोलिन तिच्या खाटेखाली आहे आणि केरूला अंगणात पाऊल टाकायची बंदी आहे. तेव्हा पट्टी कुठे बसवायची ते तुम्हीच येऊन तिला सांगा. मी सांगून पाहिलं. माझं तिला ऐकू येत नाही.