बस्सीतल्या दोन खोल्या

मानसरोवर, जयपूर
२३ ऑक्टोबर २००५

प्रिय आजी,

तनया तुम्हाला आजी म्हणते, म्हणून मीही तेच लिहिलं. दिलीप तुम्हाला आई म्हणतात, पण तुमच्या लेकीचे, साधनाचे, नवरे म्हणून त्यांना तो हक्क आहे, मला नाही. आमचं लग्न होऊन दोन वर्षं झाली, तेवढ्या काळात मी तुम्हाला एक ओळ लिहिलेली नाही. फोनवर आपलं 'कशा आहात', 'बरी आहे' एवढं झालं की मी रिसीव्हर तनयाच्या हातात देते, आणि तुम्हालाही त्यानं सुटल्यासारखं होत असणार. त्यामुळे पाकिटावर माझं अक्षर पाहून घाबरू नका. घरी सगळे धडधाकट आहेत.

मी साधनाच्या जागी आले असं लोक म्हणतात. मला तसं कधी वाटलं नाही. खरं सांगायचं तर मला काहीच वाटलं नाही. अंबाजोगाईला कॉलेजच्या ग्रंथालयात होते, घरी वडील अंथरुणाला खिळलेले. त्यांचं सगळं करण्यात माझी लग्नाची वर्षं निघून गेली. ते गेले त्या दिवशीसुद्धा मी पाहुण्यांच्या चहाची साखर बघत होते. रडू नंतर येईल म्हणून थांबले, ते आलंच नाही. पुढे हे स्थळ आलं. नवरा विमा कंपनीत, बदलीवर जयपूरला, पहिली बायको वारलेली, एक मुलगी. मी हो म्हटलं. इथे शेजारच्या बायका म्हणतात, विनयाजी कितना करती हैं बच्ची के लिए. मी डबा करते, युनिफॉर्मला इस्त्री करते, पालकसभेला जाते. करायचं ते करते. आत कुठे काही हलत नाही.

तनया मला कशानेच हाक मारत नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलं नसेल. पहिल्या दिवशी आंटी म्हणाली. दिलीप तिला रागावले. त्यानंतर ती वाक्यंच अशी बांधते की त्यात हाकेला जागाच राहत नाही. मी स्वयंपाकघरात असले की दारात येऊन उभी राहते, मी वळेपर्यंत. मीही कधी म्हटलं नाही की अमुक म्हण.

नवरात्रात तुमचा फोन आला तेव्हा मी हॉलमध्येच भाजी निवडत होते. तुमचा आवाज मोठा आहे, मला सगळं ऐकू आलं. पोर आता मोठी होईल, या वयात जवळ मायेचं बाईमाणूस हवं, परीक्षा झाली की सांगलीला पाठवा, जूनपासून इथल्याच शाळेत घालू. दिलीप 'बघतो' म्हणाले. फोन ठेवून माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "तू ठरव." मी म्हटलं, "पाठवू या." कुकरची शिट्टी झाली म्हणून उठले. इतकंच. दिलीप मात्र बराच वेळ फोनजवळच बसून होते.

त्यांच्याच मनात आलं की पाठवायच्या आधी तिला कुठेतरी न्यावं. आग्रा रोडवर बस्सीच्या बरंच पुढे एक मोठं पार्क झालंय. पाण्याच्या घसरगुंड्या, आकाशपाळणे, कृत्रिम गुहा, काय काय आहे. एका दिवसात होत नाही म्हणून दोन दिवसांचं तिकीट असतं. आता राहायचं कुठे यावर आमच्याकडे आठवडाभर चर्चा चालली. आमच्या घरात इतकी चर्चा पूर्वी कधी झाली नव्हती. पार्कच्या आतच कॉटेजेस आहेत. एका कॉटेजमध्ये एकच खोली, त्यात मोठा पलंग आणि एक जादा गादी. नाहीतर बाहेर, बस्सीत हायवेवर साधी हॉटेलं आहेत. जयपुरातल्याच राजा पार्क वस्तीत राहणाऱ्या, ओळखीच्या निशिगंधाताई मुलांना घेऊन जाऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "आतच राहा हो. पोरं दमली की पाच मिनिटांत खोलीवर. बाहेर राहिलात तर हॉटेलची जीप सकाळी सोडते ती संध्याकाळीच न्यायला येते. मधे काही लागलं तर बसा बोंबलत." मला ते पटलं. दिलीपनाही पटलं. तनया ताटातली पोळी कुरतडत म्हणाली, "बाहेर. दोन रूम."

मग दिलीपनी मला ओट्याशी येऊन हळूच सांगितलं. साधना आजारी असताना ते तिघं एकदा आग्र्याला डॉक्टरांना दाखवायला गेले होते. पार्कचं बांधकाम चालू होतं, आकाशपाळण्याचा अर्धा सांगाडा रस्त्यावरून दिसत होता. साधना गाडीच्या खिडकीतून बघून म्हणाली होती, हे झालं ना की आपण आतच राहायला येऊ. मी म्हटलं, "मग बाहेरच राहू." त्यात माझा काही मोठेपणा नव्हता, आजी. आत काय आणि बाहेर काय, मला सारखंच होतं.

दसऱ्यानंतर आम्ही रोडवेजच्या बसने बस्सीला गेलो. कोण कुठल्या खोलीत झोपणार हे आमच्यापैकी कुणी ठरवलंच नव्हतं. तनया बॅग छातीशी धरून उभी, दिलीप घसा खाकरतायत. शेवटी हॉटेलवालाच किल्ल्या पुढे करत म्हणाला, "माँ-बेटी इस कमरे में, साहब उधर." कुणी त्याला दुरुस्त केलं नाही.

दुसऱ्या दिवशी पाण्याच्या घसरगुंडीसाठी तनया रांगेत होती. मी खाली टॉवेल आणि चपला सांभाळत बसले होते. दुपारची वेळ, ऊन चांगलंच होतं. पाहिलं तर ही जिन्यावरून उलटी खाली येतेय, वर चढणाऱ्या पोरांना ढकलत. माझ्यासमोर उभी राहिली. "चला," म्हणाली. मी म्हटलं, "कुठे?" "चला ना." तेव्हा मी तिच्या पिवळ्या हाफपँटकडे पाहिलं आणि मला कळलं. मी ओढणी काढून तिच्या कमरेला गुंडाळली, वरून टॉवेल. दिलीप आइस्क्रीमच्या गाड्यापाशी होते. त्यांना जाऊन सांगितलं, "हिला बरं नाही, आम्ही हॉटेलवर जातो." ते म्हणाले, "मी येऊ?" मी म्हटलं, "नको." त्यांनी माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं, आणि मग मान हलवून नुसतेच तिथे उभे राहिले.

निशिगंधाताईंचं खरं ठरलं. आतली कॉटेजेस समोर दिसत होती आणि आमची खोली दूर बस्सीत. हॉटेलची जीप संध्याकाळशिवाय यायची नव्हती. आम्ही दोघी हायवेवर येऊन उभ्या राहिलो. ट्रक धुरळा उडवत जात होते. तनया माझ्यापासून हातभर लांब उभी होती. एक ठासून भरलेली जीप थांबली. मी म्हटलं, मी उभी राहते, हिला बसू द्या. आतल्या बायकांनी सरकून जागा केली. तनया बसेना. मला कळलं का बसत नाही ते. मी टॉवेलची घडी करून सीटवर टाकली, मग बसली. सगळा रस्ता तिने खाली पाहिलं नाही की वर पाहिलं नाही, माझ्या कुडत्याचं टोक मुठीत धरून ठेवलं. मला वाटतं तिच्या ते लक्षातही नसावं.

बस्सीत औषधाच्या दुकानात पाकीट वर्तमानपत्रात गुंडाळून दिलं. खोलीवर आलो. काय कसं करायचं ते मी बाथरूमच्या दाराबाहेरून सांगितलं, ग्रंथालयात नवीन मुलींना कपाटांचे क्रमांक सांगायचे तशाच आवाजात. गिझर नव्हता, खालून गरम पाण्याची बादली आणवली. तिची हाफपँट गार पाण्यात भिजवली, साबण लावला, चोळली. हात आपोआप चालत होते. मी वाट पाहत होते, आजी. म्हटलं अशा वेळी तरी काहीतरी वाटायला हवं, पोटच्या मुलीबद्दल आयांना वाटतं ते. नाही वाटलं. डाग निघाला. पँट पिळून खिडकीच्या गजावर टाकली.

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. पंखा कटकट वाजत होता. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मला माहीत होतं. स्कूलमध्ये मॅमनी सांगितलेलं. पण एवढं दुखतं ते नव्हतं सांगितलं." मग म्हणाली, "आईला पण दुखायचं?" मी म्हटलं, "मला नाही माहीत. आजीला माहीत असेल." त्यावर ती माझ्याकडे वळली. "आजीला सांगा ना. फोनवर नको, बाबा हॉलमध्येच असतात. मतलब, चिठ्ठी लिहा. मला मराठीत एवढं नाही लिहिता येत." मी लिहीन म्हटलं. तेव्हा तिने विचारलं, "मला सांगलीला पाठवणार ना? मी फोन ऐकला होता." मी म्हटलं, "तुला जायचंय का?" "पता नाही." थोडी थांबून म्हणाली, "बाबा काही म्हणत नाहीत. तुम्ही काय म्हणता?"

खोटं बोलायचं नव्हतं आणि खरं काय ते मला सापडत नव्हतं. गरम पाण्याच्या बाटलीला नॅपकिन गुंडाळून तिच्या पोटाशी दिली. ती झोपली.

दिलीप संध्याकाळच्या जीपने आले, दोन्ही खांद्यांवर ओले टॉवेल, हातात तेलानं पारदर्शक झालेली कचोरीची पुडी. दारातूनच त्यांनी खिडकीतली पँट पाहिली. कचोऱ्या तिच्या उशाशी ठेवल्या, तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि आपल्या खोलीत गेले. मागाहून त्यांच्या बाथरूमचा नळ किती तरी वेळ चालू होता. मी दार वाजवलं नाही. असलं रडणं त्यांना बायकोसमोर कधी जमलेलं नाही, साधनाला ते ठाऊक असेल.

तिकीट दोन दिवसांचं होतंच म्हणून तिसऱ्या दिवशी परत पार्कात गेलो. पाण्यात जायचा प्रश्न नव्हता, आणि आकाशपाळण्यात बसायचीही तिची तयारी नव्हती. ती दिलीपना म्हणाली, "बाबा, तुम्ही तरी बसा ना, कोणीतरी बसा." दिलीपना उंचीचं भय आहे. तरी गेले. आम्ही दोघी खाली बाकावर. ते ऑफिसची चामडी पिशवी मांडीवर घट्ट धरून, डोळे मिटून, एका मोठ्या लाल पाळण्यात एकटेच वर वर जात होते, आणि पुढच्या-मागच्या पाळण्यांत सगळी चिल्लीपिल्ली किंचाळत होती. तनया हसायला लागली. मला तिचं हसणं असं घोगरं आहे हे ठाऊकच नव्हतं. "बघा ना, बघा, बाबा देवाचं नाव घेतायत," म्हणाली आणि माझ्या दंडावर डोकं टेकून हसत राहिली. तिचं डोकं वजनदार लागलं. गरम लागलं. दिलीप सगळ्यात वर जाऊन थांबले, आणि मी म्हटलं, "सांगलीला जाऊ नकोस."

ती हसायची थांबली. माझ्याकडे तिने पाहिलं नाही. "ठीक आहे," म्हणाली. मग म्हणाली, "पॉपकॉर्न घेऊ?"

आम्ही घेतले. दिलीप पांढरेफटक होऊन उतरले, त्यांनाही दिले.

तर तनयाचा निरोप हा असा. तुमची नात मोठी झाली. तब्येत चांगली आहे, काल शाळेतही गेली. पण तेवढ्या निरोपाला दोन ओळी पुरल्या असत्या. हे पत्र मी तुम्हाला नाही म्हणायला लिहिते आहे. तनया जूनमध्ये सांगलीला राहायला येणार नाही. सुट्टीत येईल, मी स्वतः आणून सोडेन. दिलीपना मी तसं सांगितलं, त्यांनी विचारलं, "नक्की?" मी म्हटलं, "नक्की." तुम्ही म्हणालात ते मायेचं बाईमाणूस मी आहे असा माझा दावा नाही. ती अजूनही मला कशानेच हाक मारत नाही, आणि माझंही आतलं एकदम काही बदललंय असं नाही. बहुतेक दिवस तसेच जातात. पण ती इथे असावी असं मला वाटतं. मला हवी आहे ती. फार वर्षांत मी कुणाजवळ असं काही मागितलेलं नाही, त्यामुळे मागायची रीतही नीट येत नसेल. साधनाला त्या दिवसांत दुखायचं का, आणि तुम्ही तिला काय द्यायचात, तेवढं मला कळवा. आणि माझ्यावर रागावणार असाल तर इथे येऊन रागवा. आमच्याकडे महिनाभर राहा.

तुमचीच,
विनया