विशाखाचं कॉलेज बघायला गेलो त्याची हकिकत

चिकलठाणा,
रविवार

मेव्हणे इंद्रजीतराव यांना कचरूचा सप्रेम जय भीम.

तिकडे नांदेडला सगळे खुशाल असाल असं धरून चालतो. तुमच्या अक्काची तब्येत ठीक आहे. लकव्याला दोन वर्षं झाली, उजवा हात अजून भरवशाचा नाही; पण काळजी नसावी, मी तिला काडी हलवू देत नाही. घास भरवण्यापासून साडीच्या निऱ्यांपर्यंत सगळा कारभार माझ्याकडे आहे. फोन सोडून पत्र लिहितोय, कारण फोनवर तुम्ही 'हं, हं' करत टीव्ही बघता आणि इकडे अक्का दाराआडून सगळं ऐकते.

तर तुमच्या लाडक्या भाचीनं, विशाखानं, ऑक्युपेशनल थेरपीची डिग्री घ्यायचं खूळ डोक्यात घेतलंय. आजारपणात हात-पाय गेलेल्या माणसाला जेवण, आंघोळ, कपडे ही रोजची कामं पुन्हा स्वतःची स्वतः करायला शिकवायची, असा तो कोर्स. म्हणजे बालवाडीतल्या पोराला जे येतं, ते शिकवायला शिकण्यासाठी साडेचार वर्षं. मी म्हटलं, कर. पण कॉलेज मी बघणार. सत्तावीस लग्नं जुळवलेला माणूस आहे मी. (एकच मुलगी परत आली होती, कडुबाची मोनिका, आणि तीही आठ दिवसांत पुन्हा नांदायला गेली.) स्थळ पारखायला नजर लागते, ती या पोरांच्या मोबाइलमध्ये कुठून येणार? शेजारच्या गोजरबाईंना अक्काजवळ बसवलं आणि विशाखाला घेऊन चार दिवसांत तीन गावं पालथी घातली.

पहिल्या कॉलेजची एक मॅडम दिवसाला सहा फोन करायची. समोरचे इतके मागे लागले की समजावं, कुठंतरी पाणी मुरतंय. त्यांच्या माहितीपुस्तकाच्या कव्हरवर गळ्यात स्टेथोस्कोप घालून एक गोरी मुलगी हसत होती. तीच मुलगी दुसऱ्या कॉलेजच्या कव्हरवरही हसत होती. (एकाच वेळी दोन घरी नांदणारी मी प्रथमच पाहिली.) प्राचार्यांना मी रीतीप्रमाणे मूळ गाव कोणतं, सोयरे कुठले, असं विचारलं, तर ते मीटिंग आहे म्हणून उठूनच गेले. ज्याला स्वतःचे सोयरे सांगता येत नाहीत त्याच्या भरवशावर पोरगी कोण ठेवेल?

दुसरं मात्र स्थळ म्हणावं असं. एसी, काचेची दारं, चहासोबत काजूची बिस्किटं. थेरपीची खोली कुलूपबंद होती, किल्ली सापडायला पाऊण तास गेला, पण आत सगळं सामान अजून प्लास्टिकमध्ये. एवढी टापटीप मी आजवर कुठल्या व्याह्याच्या घरी पाहिली नाही. आणि आमच्या कन्येनं काय विचारावं? रोज पेशंट किती येतात. मॅडम म्हणाल्या, ते सुरू होईल. बघायला गेलेल्या घरी मुलीनं असं तोंड उघडलेलं पाहून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिसरं कॉलेज एका जुन्या दवाखान्याला लागून. फरशी उखडलेली, लाकडी ठोकळे हाताळून हाताळून काळे पडलेले, चहाचं नाव नाही. तिथं सांडू नावाचे एक म्हातारबाबा थरथरत्या हातानं शर्टाची बटणं लावत होते आणि शिकाऊ मुलगी दोन्ही हात पाठीमागे बांधून नुसती बघत होती. दहा मिनिटं. (तिला आईबाप नसावेत.) मला काही तो निर्दयपणा बघवेना. उठलो आणि चुटकीसरशी उरलेली तिन्ही बटणं लावून दिली. म्हटलं, आता आशीर्वाद मिळेल. म्हातारा माझ्यावरच डाफरला, "तुमी कोन? माझं मला लावू द्या की. तिसरं लागतच व्हतं." आणि त्यानं एकेक करून पाचही बटणं काढली (त्यालाही दहा मिनिटं लागली) आणि पहिल्यापासून सुरुवात केली. विशाखा तिथल्या तिथं म्हणाली, "पप्पा, मला हेच कॉलेज पाहिजे." अशा ठिकाणी मी कुणाची म्हैससुद्धा दिली नसती.

तेव्हा इंद्रजीतराव, मामा म्हणून तुम्ही तिला समजवा. फॉर्ममध्ये पहिल्या क्रमांकावर ते काचेच्या दाराचं कॉलेज टाक म्हणावं. शुक्रवार शेवटचा दिवस आहे. घरच्या सगळ्यांना जय भीम सांगा.

तुमचा,
कचरू

ता. क. (बुधवार) पत्र पोस्टात टाकायचं राहून गेलं. आता समजावू नका, फॉर्म सोमवारीच भरून झाला. ओटीपी माझ्या मोबाइलवर येणार, म्हणून मी मोबाइल उशीखाली घालून निवांत पडलो होतो. तो अक्कानं ओढून काढला, उजव्या हातानं. दोनदा निसटला, आणि तिनं तो उचलेपर्यंत दोन ओटीपी वाया गेले. विशाखा शेजारी हात पाठीमागे बांधून उभी. मी मदतीला उठलो तर दोघींनी माझ्याकडे असं बघितलं की पुन्हा बसलो. तिसऱ्या वेळी अक्कानं मोबाइल धरून सहाही आकडे वाचून दाखवले. पहिल्या क्रमांकावर तोच उखडलेल्या फरशीचा दवाखाना आहे.

ता. क. दुसरा. खरं काम हे. त्या दिवसापासून अक्का मला कशालाच हात लावू देत नाही. साडी नेसायला तास लावते, वरण पदरावर सांडतं, पण मी जवळ गेलो की म्हणते, "सरका तिकडं. दोन वर्सं लई केलं तुमी." पोरगी दोन महिन्यांत निघून जाईल. मग या घरात मी दिवसभर करायचं काय? ती ऐकते फक्त तुमचं. माझं नाव न काढता तिला एवढंच सांगा, की सकाळचा चहा तरी दाजींना करू दे.