निकानोरने अडवलेली मोटार

इर्कुत्स्क, ८ जून १९०७

ती. निकानोरदादास,
ग्लाफिराचा सा. न. वि. वि.

पेकिंग ते पॅरिस शर्यतीच्या मोटारी आपल्या जुन्या टपालरस्त्यानं जाणार, म्हणून तू आठवडाभर दाढी विंचरतो आहेस असं कळलं. आमचे हे रेल्वेच्या कचेरीतून आले की म्हणतात, टपालाच्या घोड्यांचं काम गेलं म्हणून सात वर्षं आगगाडीशी अबोला धरलेल्या मेव्हण्याला अखेर एक यंत्र पसंत पडलं!

मी हसले, पण मनात एक धास्ती आहे. बाबांनी बांधलेल्या पुलावरून तोफ नेली तरी तो हलणार नाही, असं तू दर पत्रात लिहितोस. मोटार चार-पाच घोड्यांइतकी जड असते म्हणे. खरं सांग, तो पूल तू खालून शेवटचा कधी पाहिलास?

मुलांचा मामाला पापा. रागावलास तरी पत्र धाड.
तुझी धाकटी,
ग्लाफिरा

सोस्नोव्का, २९ जून

चि. ग्लाफिरास अनेक आशीर्वाद.

खालून पाहिलाच नव्हता. तुझं पत्र आलं त्याच दिवशी ओढ्यात उतरलो. मधल्या तीन तुळयांत सुरी मुठीपर्यंत गेली. तिथंच दगडावर बसून रडलो, पण गावात कुणाला सांगायचा धीर झाला नाही. हे तुझ्या यजमानांना, लुकारावांना, कळता कामा नये.

परवा पहिली मोटार आली. सगळं गाव पाव आणि मीठ घेऊन स्वागताला उभं, आणि मी पुलाच्या तोंडाशी आडवा. पूल कुजलाय म्हटल्यावर लोक हसायलाच लागले. मोटारीतल्या एकाला मोडकं रशियन येत होतं. पूल कुणी बांधला, असं त्यानं विचारलं. मी म्हणालो, "माझ्या बाबांनी. आणि मी तो सांभाळला नाही." मग कुणी हसलं नाही.

राहिला तुमचा रेल्वेचा पूल. स्टेशनात जाऊन लुकारावांच्या कचेरीला तार मीच केली. त्यात 'विनंती' हा शब्द लिहायला मला तीन पेले चहा लागला. परवानगी आली, पण पाऊण तासात मालगाडी यायची होती. मोटार रुळांवर चढवली. दर स्लीपरला दणका बसे. मी झेंडी घेऊन पुढं चालत होतो, पायाखाली फटींतून पाणी दिसत होतं. पलीकडे उतरलो आणि शिट्टी ऐकू आली.

काल बाबांच्या पुलावर ओंडके टाकून तो बंद केला. आता या रस्त्यावर माझं काय काम उरलं, ते तूच सांग.
तुझा,
निकानोर

इर्कुत्स्क, ६ जुलै

ती. दादास सा. न.

तुझी तार हे खिशात घेऊन हिंडतात, पण मेव्हण्याची थट्टा एकदाही केली नाही. मलाच चुकल्यासारखं होतंय.

यांच्या कचेरीला पुलांखाली उतरून तुळया तपासणारा माणूस हवा आहे. यांनी तुझं नाव सुचवलं. वरिष्ठांनी अनुभव विचारला. हे म्हणाले, बापाचा पूल कुजलाय हे त्यानं भर गावासमोर सांगितलं. त्यावर वरिष्ठांनी दुसरं काही विचारलं नाही. सोमवारी ये. घोडेही आण, अंगण मोठं आहे.

वाट पाहणारी,
ग्लाफिरा