चौदा डबे आणि खालच्या जाळीवरची चकती

मी, खाली सही करणारी, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, धंदा वाळवलेल्या फळांच्या आणि मसाल्यांच्या सजावटी करणे, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि स्वतःच्या अक्षरात लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. खात्री करून घ्यायला डॉक्टरांनी मला आज वार कोणता ते विचारले. मी त्यांना एका संत्र्यात लवंगा किती बसतात ते विचारले. मला उत्तर आले, त्यांना आले नाही. याआधी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरायला सवड नव्हती.

कलम १. राहते घर चिरंजीव आणि सूनबाई या दोघांना समसमान. हे घर संत्र्यांवर उभे आहे, हे दोघांनी विसरू नये. यजमान गेले तेव्हा माझ्या पदरात एक मूल होते आणि फळवाल्याने टाकायला काढलेली टोपलीभर संत्री. त्यांच्या चकत्या चुलीवर जाळीत वाळवल्या, मध्ये दालचिनीच्या काड्या ओवल्या आणि पहिली माळ समोरच्या शिंपिणीच्या दुकानावर लावली. जाणारे येणारे थांबून वास घेऊ लागले. पुढे या शहरात माझी माळ लागली नाही असे दुकान उरले नाही. ही फुशारकी नाही, कुणालाही विचारा.

कलम २. बँकेतली शिल्लक नातीच्या शिक्षणाला. तिने हवे ते शिकावे. फक्त आजी "फावल्या वेळात काहीबाही करायची" असे कुठे बोलू नये. मी कारागीर होते.

कलम ३. धाकट्या जाऊबाईंना वार्निशची न उघडलेली बाटली, जी त्यांनीच मला दिली होती. वार्निश फासले की चकती चकाकते खरी, पण वास मरतो. चाळीस वर्षे सांगितले, पालथ्या घड्यावर पाणी. बाटली त्यांची त्यांना लखलाभ.

कलम ४. कामाची खोली, सहा जाळ्या, चाकू, दाभण आणि सगळे डबे एकट्या सूनबाईला. याचे कारण लिहिणे मला जड जाते, तरी लिहिते.

अकरा वर्षांपूर्वी स्टेशनजवळच्या नव्या हॉटेलचा जिना माळांनी सजवायचे काम मिळाले. एवढे मोठे काम पहिलेच. चकती वाळली की नाही हे डोळ्यांना कळत नाही. ती ओठांना लावायची, गार लागली तर आत ओल आहे. मी घाईत होते. वरच्या जाळीवरची एक चकती लावून पाहिली आणि त्या कामाच्या चकत्यांचे चौदाही डबे भरायला घेतले. सूनबाईने खालच्या जाळीवरची उचलली.

"आई, ही गार लागतेय. एक दिवस थांबूया."

"माझे ओठ तुझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठे आहेत," मी म्हणाले आणि झाकणे लावली.

उद्घाटनाच्या सकाळी डबे उघडले तर सगळीकडे बुरशी. मालकाने विचारले, "हे कुणाचं काम?" मी सूनबाईकडे बोट दाखवले. ती खाली मान घालून उभी राहिली. नंतर पोस्टात नोकरीला लागली. घरात माझे सगळे करते, औषधे देते, आई म्हणते. पण त्या दिवसापासून तिने या खोलीत पाऊल ठेवलेले नाही.

चूक माझी होती. अकरा वर्षे मला ती कबूल करता आली नाही, याची मला लाज वाटते. ओठांनी ओल ओळखणारी माणसे या शहरात दोनच, आणि त्यातली जास्त चांगली ती आहे. तिला शिकवले मी, याचा मला माझ्या सगळ्या माळांपेक्षा जास्त अभिमान आहे. ती खोलीत आली नाही, तिथे कपडे वाळत घातले, तरी खोली तिचीच. माझ्यामागे हे कलम सर्वांसमक्ष मोठ्याने वाचावे.

ठिकाण: कामाची खोली, खिडकीजवळचे टेबल.
दिनांक: ९ नोव्हेंबर, सोमवार.
सही: जिला सगळे लवंगबाई म्हणतात ती
साक्षीदार: १. समोरची शिंपीण २. डॉक्टर

पुरवणी. काल सही करताना शिंपीण म्हणाली, "अगं, हे ती तू गेल्यावर ऐकणार? मग भांडायचं कुणाशी तिनं? पाकीट आज बंद करू नकोस. एक दिवस थांब."

हे वाक्य मी पूर्वी ऐकलेले आहे. या वेळी थांबले.

आज सूनबाई पोस्टातून आल्यावर तिला या खोलीच्या उंबऱ्यापाशी बसवून कलम ४ मीच वाचून दाखवले. ती उठून आत आली, खालच्या जाळीवरची चकती उचलली आणि ओठांना लावली.

"गार आहे, आई," ती म्हणाली. "उद्या बघू."

पाकीट बंद केले आहे. डबे उघडे आहेत.

दिनांक: १० नोव्हेंबर, मंगळवार.
सही: वरीलप्रमाणे
साक्षीदार: तेच दोघे