चीनच्या मावशीचा शेवटचा फटका

बाबा, तुमच्या चीनच्या मावशीबद्दल तुम्हाला जे कधीच कळलं नाही, ते मला गेल्या महिन्यात कळलं. तिचं नाव तुमच्या जिभेवर नीट बसेना म्हणून तुम्ही तिला मावशी करून टाकलंत, आणि मीही एका विश्वविजेत्या टेबल टेनिसपटूला मावशी म्हणतच मोठी झाले. तुमच्या टेलिफोन एक्स्चेंजच्या क्लबात कोणीतरी आणून ठेवलेली तिच्या फायनलची कॅसेट आपण इतक्यांदा पाहिली, की पुढे पुढे पडद्यावर खेळापेक्षा रेघाच जास्त दिसायच्या. ती टेबलापासून पार मागे उभी असते. समोरची मुलगी जीव खाऊन फटके मारतेय, आणि मावशी प्रत्येक चेंडू गुडघ्यापाशी उतरेपर्यंत थांबतेय, मग बॅट खालून अलगद फिरवून परत पाठवतेय. चेहऱ्यावर राग नाही, घाई नाही. तुम्ही म्हणायचात, "आपण मारायचं नाही. समोरच्याला चुकू द्यायचं."

चेंडू असा खालून कापत परत पाठवायचा तो चॉप तुम्ही मला शिकवलात आईच्या स्वयंपाकघरात. आई थालीपीठ उलटणार, तेवढ्यात तुम्ही तिच्या हातातलं उलथनं घेतलंत. थालीपीठाखाली उलथनं जातं तशी बॅट चेंडूच्या पोटाखालून गेली पाहिजे, ढोसायचं नाही, असं सांगता सांगता तुम्ही ते थालीपीठ मोडलंत. आईने ते तुकडे मुकाट्याने तुमच्याच ताटात वाढले. पुढच्या वाढदिवसाला तुम्ही मला मावशीसारखी दाणेदार रबराची बॅट आणलीत. ती घेऊन मी तुमच्या क्लबात संध्याकाळभर तुमच्या साहेबलोकांचे फटके परत करत राहायचे, आणि ते दमले की तुम्ही मिशीत हसायचात.

पण त्या कॅसेटच्या शेवटच्या पॉइंटला मावशी अचानक पुढे येते आणि सणसणीत फटका मारते. त्या फटक्यावर ती जगज्जेती होते, आणि तुम्ही दर वेळी चुकचुकत म्हणायचात, "इथे मात्र घाई केली हं मावशीने." शाळांच्या स्पर्धेची फायनल मीही तसाच फटका मारून जिंकले. कप घेऊन तुमच्याकडे धावत आले, तेव्हा तुम्ही माझ्या हातातली बॅट घेतलीत, रबरावरची धूळ पुसलीत आणि म्हणालात, "घाई केलीस." घरी जाताना स्कूटरवर तुमच्या मागे बसून मी कप पोटाशी धरून रडत होते. तुम्हाला ते कळलं नाही, वारा होता.

तुम्ही सगळंच तसं जगलात. बढती दुसऱ्याला मिळाली तेव्हा थांबलात, बदली रखडली तेव्हाही थांबलात. मी इथे मेलबर्नला आले, कायम राहायचा पीआर मिळाला, दर फोनला या म्हणत राहिले, आणि तुम्ही म्हणायचात, रिटायर होऊ दे, घाई काय आहे. रिटायर व्हायच्या आधीच तुम्ही गेलात. त्याचा मला अजून राग येतो, बाबा. तुमचा येतो की मावशीचा, ते मात्र सांगता येत नाही.

माझी लेक तुम्ही पाहिली नाहीत. तिलाही मी चॉपच शिकवला, मला दुसरं येत कुठे होतं? शनिवारी तिला आमच्या ट्रुगानिनाहून पार शहराच्या दुसऱ्या टोकाला, ग्लेन वेव्हर्लीला शिकायला नेते. तिच्या कोच एक वयस्कर चिनी बाई आहेत. गेल्या महिन्यात त्यांनी मला विचारलं, ही मुलगी कधीच फटका का मारत नाही? मी मावशीचं खरं नाव घेतलं. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. लहानपणी दोघी एकाच शिबिरात, एकाच खोलीत राहायच्या म्हणे. मावशीला मारायची भारी हौस होती. पण फटके मारणाऱ्या मुली तिथे भरपूर होत्या, त्यांना सरावासाठी चेंडू परत करणारं कोणीतरी हवं होतं, म्हणून तिला मागे उभं केलं. तिला कोणी विचारलं नाही. वर्षानुवर्षं ती दुसऱ्यांचे फटके परत करत राहिली, रात्री उशीत तोंड खुपसून रडली, आणि एक दिवस त्या सगळ्यांनाच हरवायला लागली. तरी मोठ्या फायनल हातातून जायच्या. निवृत्त हो म्हणून लोक मागे लागले, तेव्हा तिने चॉपच्या मधेच एखादा फटका मारायला सुरुवात केली. तुम्ही जिला घाई म्हणायचात ना, त्या फटक्यासाठी ती अर्धी कारकीर्द थांबली होती.

परवाच्या शनिवारी लेकीची क्लब मॅच होती. शेवटचा गेम, दोघी बरोबरीत, समोरची मुलगी दमलेली. लेकीने वळून माझ्याकडे पाहिलं. "आई, व्हॉट डू आय डू?"

थांब, हा शब्द तयारच होता. मी म्हटलं, "मार."

तिने मारला. चेंडू टेबलाच्या कितीतरी पलीकडे गेला. पुढचाही तिने मारला, तो जाळीत. मॅच गेली. तिने परत माझ्याकडे पाहिलं, आणि बाबा, तुमचं ते वाक्य माझ्या अगदी ओठांवर आलं. ते गिळायला मला जोरजोरात टाळ्या वाजवाव्या लागल्या. कोचबाईही वाजवत होत्या.

हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं नाही, तेच बरं. तुम्ही चष्मा लावून ते वाचलं असतंत आणि म्हणाला असतात, लिहायला घाई केलीस.

 परतताना गाडीत लेक म्हणाली, "आजोबांना कसं वाटलं असतं? वुड ही बी मॅड?"

"शाबास म्हणाले असते," मी रस्त्यावरची नजर न काढता सांगितलं. ती खूश झाली आणि रेडिओ लावून गुणगुणायला लागली. बाबा, ती शाबासकी मी तुमच्या नावावर खपवली. तुमच्या आवाजात ती कशी वाटते हे मला माहीत नाही. अंदाजानेच म्हटलं.