रविवारी पाण्यात गेलेली होडी

पप्पा, तुमची होडी रविवारी पाण्यात गेली. तुम्ही असतात तर आधी मलाच विचारलं असतंत, तू काय करत होतीस? रविवारी काम नको म्हणून मी दारात आडवी उभी होते. तुमचा नातू बाजूने निघून गेला. आठवडाभर वाऱ्यामुळे होडी वाळूत, आणि त्या सकाळी बांगडा लागल्याची बातमी आली. "देवाक माझ्या पोटाची काळजी नाय?" म्हणाला. तोंडाळपणा तुमचाच आहे, दुसऱ्या कुणाचा? बरोबर शेजारणीचा नवरा आणि दीर. चर्चमध्ये मिस्साला मी एकटीच गेले.

परतले तोवर वारा उठला होता, आणि मला तुम्ही आठवलात. रविवारी जेवण झालं की स्वयंपाकघरात पाटावर बसून तुम्ही बायबल वाचायचात. देवाचा शब्द मोडून योना तारवात बसला आणि वादळ अख्ख्या तारवावर आलं. बाकीच्यांनी काय केलं होतं, असं मी विचारलं, तर म्हणालात, "एकान मोडल्यान काय सगळ्यांका भोगूचा लागता गो." शौल राजाने हुकूम अर्धाच पाळला, गादी गेली. सोन्याचं वासरू पुजणारे तर तलवारीखाली गेले. माफीच्या गोष्टीही तुम्ही वाचल्या असतील, पण माझ्या डोक्यात शिक्षेच्याच राहिल्या. चतुर्थीला शेजारून करंज्या आल्या की तुम्ही खुशाल खायचात आणि बजावायचात, "करंजी खा, पण थंय जावन हात जोडूचे नाय. पयली आज्ञा ती, दुसरो देव नाय." हे तुम्ही हसत सांगितलंत असं एकदाही झालं नाही.

त्या दुपारी शेजारीण आणि मी किनाऱ्यावर उभ्या आहोत. फोन लागत नाही. शेजारीण म्हणते, "तुमच्या देवान रविवारी जाव नको म्हणान सांगलेला मा? मगे तुझो झील माझ्या घोवाक घेवन कित्याक गेलो?" पण ती भांडत बसत नाही. घरातून नारळ आणते आणि वाळूत उभी राहून आपल्या देवाला गाऱ्हाणं घालू लागते. गाऱ्हाणं घालायचं काम पुरुषांचं, पण तिच्या घरचे पुरुष आमच्या होडीत. "बा देवा म्हाराजा," ती म्हणते आणि थांबते. गाऱ्हाण्याला कुणीतरी होकार द्यावा लागतो, त्याशिवाय ते पुढे जात नाही. तिथे माझ्याशिवाय कुणी नाही. ती माझ्याकडे बघत नाही, नुसती थांबून राहते.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं. मग प्रत्येक मागण्याला म्हटलं, हात जोडून. तिने माझ्या मुलाचं नाव तिच्या नवऱ्याच्या आधी घेतलं, पप्पा.

संध्याकाळी होडी आली. जाळं गेलं, माणसं आली. पण तेव्हापासून माझ्या जिवाला स्वस्थता नाही. रविवार पोराने मोडला, पण पहिली आज्ञा मोडली ती मी, आणि तुमच्या पुस्तकात आईबापांचं पाप पोरांच्या पदरात पडतं. काल, साध्या कामाच्या दिवशी तो समुद्रात गेला, तरी तो परतेपर्यंत मी वाळूतून उठले नाही.

कबुलीला जायला हवं. फादर विचारतील, पुन्हा करणार नाहीस ना? म्हणून मी गेले नाही, आणि हे पत्र तुमच्या कबरीवर आणून वाचायचं होतं, तेही वाचणार नाही. वारा उठला तर मी पुन्हा करीन.