शर्वरीचा पहिला शब्द

डमडम, कोलकाता
७ जुलै २०२४

ती. स्व. सुहासिनीआत्यास,
अनुजाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मंच ऐकू येतं आणि उरलेलं तू मनाने जुळवतेस, म्हणून पत्रच लिहिते. शर्वरीला 'आर्ट'मध्ये गती आहे असं तू सगळ्या गल्लीत सांगितलंस म्हणे. अगं, मी ऑटिझम म्हटलं होतं. स्वमग्नता. पाच वर्षांची होऊन पोर बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, त्याला डॉक्टरांनी दिलेलं हे नाव.

ऐकावे जनाचे, करावे मनाचे म्हणतात, पण मनालाच काही कळत नसेल तर? बोलायला शिकवणाऱ्या मॅडम म्हणतात, एवढ्या भाषांचा गोंधळ नको, घरात एकच ठेवा, आणि मराठी नको, कारण इथे ती मराठीत बोलणार कुणाशी? डॉक्टर म्हणतात, तसं काही नसतं, आईची भाषा सोडू नका. प्रथमेशला मॅडमचं पटलंय. तो ऑफिसातून आल्यावर तिच्याशी इंग्रजीत बोलतो. मला तिला इंग्रजीत कुशीत घेता येत नाही. पुढच्या महिन्यात मॅडमना काय ते सांगायचं आहे.

पण खरी बातमी पुढेच आहे. काल गॅलरीत उभी राहून ती स्पष्ट म्हणाली, 'आय'. आईतली ई तेवढी राहिली. माझी पोळी तव्यावर करपली आणि मी नाचत होते.

आशीर्वाद दे, सल्ला नको.
तुझी अनुजा

*

मिरज
१६ जुलै

चि. सौ. अनुजास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून चष्मा दोनदा पुसला. माझ्या कानांनी घोळ घातला खरा. शेजारच्या सुमनताईंनी शर्वरीसाठी रंगपेटी आणून दिली आहे, ती आता कोणत्या तोंडाने परत करू? ठेवते झालं.

अगं, पण आय म्हणाली! आम्ही सगळी भावंडं आमच्या आईला आयच म्हणायचो. तुझा बाप कॉलेजात गेल्यावर लाजून 'आई' म्हणायला लागला. मिरजेचं रक्त बोललं बघ. मराठी सोडलीस तर माझ्याशी गाठ आहे, असं प्रथमेशला सांग. आमचा श्यामकांत पाच वर्षं मुका होता आणि आता त्याला गप्प कसं करावं, हा प्रश्न आहे. शर्वरीही बोलेल. सल्ला नको म्हणालीस, म्हणून एवढ्यावरच थांबते.

पोरीच्या गालाला माझ्या वतीने हात लाव.
सुहासिनीआत्या

*

डमडम
२४ जुलै

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

सियालदहजवळच्या एका हॉलमध्ये अशा मुलांचे आईबाप जमतात. तिथे मी मिरवून सांगितलं, की मुलीने मला हाक मारली. मग बराकपूरहून येणाऱ्या काजोलदी हळूच म्हणाल्या, की बंगालीत 'आय' म्हणजे 'ये'. घरी येऊन गॅलरीत गेले. खाली घरमालकीणबाई माशाची डोकी घेऊन मांजरीला बोलावत होत्या, आय, आय. शर्वरी गजांना नाक लावून ऐकत होती.

हाक मांजरीला होती, आत्या. मी मधल्यामध्ये आई झाले.

प्रथमेश म्हणतो, तिने बंगाली निवडली, आपण कशाला हट्ट करायचा? त्यालाही वाईट वाटलंय, पण तो ते हिशोबीपणे बोलतो. श्यामकांतकाकाचं पुन्हा सांगू नकोस, उशिरा बोललेला एक काका प्रत्येकाकडे असतो. तिला काही म्हणायचंय की नुसता आवाज आवडलाय, हेही मला कळेनासं झालंय. त्या दिवशी काजोलदींनी मात्र एकही सल्ला दिला नाही. त्यांचा मुलगा मोठा आहे, त्यांनी सगळं पाहिलंय. त्या शर्वरीबरोबर जिना चढत-उतरत राहिल्या आणि मला म्हणाल्या, की तू चहा पी. कपातला चहा शेवटपर्यंत गरम होता आणि मला रडू आवरेना.

राग मानू नकोस.
अनुजा

*

मिरज
२ ऑगस्ट

चि. सौ. अनुजास आशीर्वाद.

जन्मभर शाळेत मराठी शिकवली, पण आज वाक्य जुळत नाही. श्यामकांतला मी मागे घेतलं आहे. तू मराठी सोडलीस तर शर्वरीला माझं काहीच कळणार नाही, आणि मला तिचं. पण हे मी तिच्या भल्यासाठी म्हणते की माझ्या, ते माझं मलाच उमगत नाही. तेव्हा तुम्ही दोघं ठरवाल ते खरं.

एकच विचारते. ती आय म्हणाली, तेव्हा मांजर आली का?

तुझीच,
सुहासिनीआत्या

*

डमडम
११ ऑगस्ट

ती. स्व. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

मांजर आली नव्हती. ती मासा बघून येते, भाषा ऐकून नाही. तुझा प्रश्न वाचून आधी हसले, आणि मग दिवसभर तो टोचत राहिला. पोरीने पहिल्यांदा कुणाला तरी 'ये' म्हटलं, आणि कुणीच गेलं नाही. मी तर नाचत होते.

काल मी कणीक मळत होते आणि कुकरची शिट्टी झाली. शिट्टीने तिचा जीव कासावीस होतो, कान दाबून ती पलंगाआड बसते. तिथूनच म्हणाली, आय. गॅलरीचं दार बंद होतं, मांजर कुठेही नव्हती. मी तशीच, पिठाच्या हातांनी गेले. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. माझे दोन्ही हात ओढले आणि स्वतःच्या कानांवर ठेवले. केसांना कणीक लागली तरी सोडेना.

ते मिरजेचं आय होतं की इथलं, देव जाणे. कुठलंही असलं तरी जायचं मलाच होतं. प्रथमेश दारातून बघत होता. त्याने गॅस बंद केला आणि म्हणाला, की डाळ यापुढे पातेल्यात शिजवू. मराठीतच म्हणाला. मॅडमना आम्ही कळवलं, की मराठी राहील, बंगाली ती खालच्या मांजरीपाशी शिकेलच. बरोबर केलं का, ते अजूनही माहीत नाही.

थंडीत रंगपेटी घेऊन ये. ती तुझ्याकडे बघणार नाही, कदाचित नुसते खडू ओळीने मांडेल. तू शेजारी बस. मला थोडा वेळ गरम चहा मिळेल. इथे मोठ्या माणसांना 'आशुन' म्हणून बोलावतात, पण आमच्या घरात सध्या एकच शब्द आहे, तोच तिच्याकडून उसना घेते.

आत्या, आय.

तुझी,
अनुजा